फुकटातली विंडोज आणि बंद करून ठेवलेले अपडेट



मागच्या दोन पाठांत आपण फाइल कुठे ठेवायची आणि मराठी टायपिंग कसं करायचं ते पाहिलं. आजच्या पाठात बोटांचं काम कमी आहे, डोक्याचं जास्त. आणि यात मी आमच्या प्रभाग संघाची एक चूक सांगणार आहे. अध्यक्षताईंना विचारूनच सांगते. त्या म्हणाल्या, "लिही बिनधास्त. आपलं झालं ते दुसऱ्या संघाचं व्हायला नको."

आमच्या ऑफिसात संगणक आला तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी त्याला हळदीकुंकू वाहिलं होतं. जोडणी करून दिलेला संगणक होता, कंपनीचा नव्हता. तालुक्याच्या दुकानातून घेतला, बिलावर नुसतं "कम्प्युटर सेट" असं लिहिलेलं. काही महिन्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पुसट इंग्रजी अक्षरं दिसायला लागली, "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज". मी दुकानातल्या दादांना फोन केला. ते आले, पेन ड्राइव्ह लावला, दहा मिनिटं खुडबुड केली, अक्षरं गेली. पाचशे रुपये घेतले. जाताना म्हणाले, "ताई, अपडेट करा असा मेसेज आला तरी दाबायचं नाही. मी ते बंदच करून ठेवलंय. अपडेट केलं की परत अक्षरं येतील."

डॉक्टरांनी पथ्य सांगावं तसं मी ते पाळलं. तीन वर्षं.

मग एका सोमवारी सकाळी संगणक चालू केला आणि एकही फाइल उघडेना. फाइलींची नावं तीच, पण प्रत्येक नावामागे भलतीच शेपटी लागलेली. कर्जखतावणी, मासिक अहवाल, गटांचे फोटो, सदस्यांच्या आधारकार्डांच्या कॉप्या, सगळं तसंच. पडद्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी: तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, चावी हवी असेल तर पैसे पाठवा. ४३ गटांचे हिशेब होते त्यात. ऑडिटला तीन आठवडे राहिले होते.

पैसे आम्ही पाठवले नाहीत, पाठवायचे कसे तेही कळत नव्हतं. हाताने लिहिलेल्या वह्यांवरून चौघीजणींनी अकरा दिवस बसून सगळं परत भरलं. पण दोन गटांनी "आता कम्प्युटरात आहे की" म्हणून कर्जवही लिहिणंच सोडून दिलं होतं. त्यातल्या एका गटातल्या ताईंनी तीन हप्ते रोख भरले होते, असं त्यांचं म्हणणं. नोंद फक्त संगणकात. इतिवृत्ताच्या वहीत दोन हप्त्यांचा उल्लेख सापडला, तिसऱ्याचा नाही. शेवटी गटाने त्यांचा शब्द मानला आणि तसा ठराव केला. पण त्या बैठकीत एक-दोघी जे बोलल्या ते त्या ताई विसरल्या नाहीत. आजही त्या बैठकीला येतात, सही करतात आणि निघून जातात. ऑडिट झालं, पण हे अजून तसंच आहे.

आमच्याकडे ते कुलूप नेमकं कोणत्या वाटेने शिरलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. एवढं मात्र कळलं की तीन वर्षांत संगणकाला एकही अपडेट मिळालं नव्हतं. तेव्हापासून मी हा विषय जरा समजून घेतला, तोच आज तुमच्यापुढे मांडते.

अपडेट म्हणजे काय

विंडोज हा संगणकाचा मूळ कार्यक्रम. तो असतो म्हणून बाकीचं सगळं चालतं: टायपिंग, हिशेब, प्रिंट, इंटरनेट. इंग्रजीत त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. हे घर आहे असं धरा. बांधणाऱ्याने दारं-खिडक्या नीट लावल्या, तरी राहायला गेल्यावर लक्षात येतं की मागच्या खिडकीची कडी बाहेरून काडी घालूनही उघडते. घर मोठं असेल तर अशा कड्या नंतर नंतर सापडतच जातात. विंडोज हे फार मोठं घर आहे. कडी सापडली की कंपनी नवी कडी तयार करून इंटरनेटवरून घरोघर पाठवते. ती बसवून घेणं म्हणजे अपडेट. मायक्रोसॉफ्ट कंपनी ही दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पाठवते. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी सकाळी ऑफिस उघडलं की संगणक "रीस्टार्ट करा" म्हणून मागे लागतो. आपल्याला वाटतं, काय हा त्रास.

आता यातली खरी गोम. कंपनी नवी कडी पाठवते तेव्हा चोरालाही कळतं की जुनी कडी कुठली कच्ची होती. दुरुस्ती उघडून बघितली की कुठे काय बदललं ते जाणकाराला दिसतं. म्हणजे अपडेट जाहीर झालं त्या दिवसापासून, ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचं घर आधीपेक्षा जास्त धोक्यात असतं. "आजवर काही झालं नाही, आताही होणार नाही" हा हिशेब इथे चालत नाही.

२०१७ चा मे महिना

याचं सगळ्यात मोठं उदाहरण जगाने २०१७ साली पाहिलं. विंडोजमध्ये एक कच्ची कडी होती. एका संगणकातून शेजारच्या संगणकात फाइली पाठवण्याची जी सोय असते, तिच्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, ती आधीपासून माहीत होती आणि त्यांनी तिथून आत शिरायचं हत्यार बनवून ठेवलं होतं. ते हत्यार चोरीला गेलं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला त्या कडीची दुरुस्ती पाठवली. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, चोरलेलं हत्यार इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडं टाकलं गेलं. आणि १२ मे ला, शुक्रवारी, वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला.

तारखा पुन्हा एकदा बघा. मार्चच्या १४ ला दुरुस्ती, मेच्या १२ ला हल्ला. मध्ये ५९ दिवस. एवढ्या दिवसांत ज्यांनी अपडेट घेतलं त्यांच्या संगणकात तो त्या वाटेने शिरू शकला नाही. बाकीच्यांकडे कोणी काही दाबायचीही गरज नव्हती. एका संगणकात शिरला की तो स्वतःच शेजारचे संगणक शोधत पुढे जात होता. काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याने कुलूपबंद केले. मागणी ३०० डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकोणीस हजारांच्या आसपास. तीन दिवसांत दिले नाहीत तर दुप्पट.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला मोठा फटका बसला. दवाखान्यांच्या २३६ संस्थांपैकी किमान ८० संस्थांचं काम विस्कळीत झालं. रुग्णांना दिलेल्या १९,००० हून जास्त भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. तिथल्या विंडोज नकली नव्हत्या बरं का. पैसे भरून घेतलेल्या होत्या, फक्त दुरुस्ती बसवायची राहिली होती किंवा विंडोज फार जुनी झाली होती. हे मुद्दाम सांगते, कारण "आमची विंडोज ओरिजिनल आहे" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

आपल्या देशात आंध्र प्रदेशातल्या पोलिसांचे काही संगणक बंद पडले. केरळात तर वायनाड आणि पत्तनंतिट्टा जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींच्या ऑफिसातले संगणक कुलूपबंद झाले. हे वाचलं तेव्हा मी दचकले. आपल्याला वाटतं, आपल्या खेड्यातल्या ऑफिसात चोर कशाला येईल, आपल्याकडे आहे काय? पण हा चोर पत्ता बघून येत नाही. दारं हलवत हलवत पुढे जातो, जे उघडं दिसेल तिथे शिरतो. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरची त्याला काही किंमत नाही. ते रजिस्टर तुम्हाला हवं असतं, म्हणून तुम्ही पैसे द्याल, एवढंच त्याला माहीत असतं.

(तो पहिला हल्ला थांबला कसा, हे मुली हमखास विचारतात. मार्कस हचिन्स नावाच्या २२ वर्षांच्या इंग्लंडमधल्या तरुणाला दिसलं की हा व्हायरस आधी एका विचित्र नावाची वेबसाइट शोधतो आणि ती सापडली नाही तरच कामाला लागतो. त्याने ते नाव थोड्या पैशांत स्वतःच्या नावावर नोंदवून टाकलं. वेबसाइट सापडायला लागली आणि व्हायरस गप्प झाला.)

मग दुकानदार अपडेट बंद का करतात

विंडोज विकत घ्यायची असते. संगणकाबरोबर घेतली तर तिची किंमत संगणकाच्या किमतीतच धरलेली असते. सुट्टी घेतली तर साधारण दहा हजारांच्या आसपास जाते. हे पैसे वाचवायला एकाच विंडोजच्या कॉप्या करून शंभर संगणकांत टाकल्या जातात, याला पायरसी म्हणतात. आपण त्याला "दुकानातून विंडोज मारून आणली" असं म्हणतो. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतच नाही.

तर कंपनी आपल्या परीने नकली कॉपी ओळखायचा प्रयत्न करते. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसाठी एक अपडेट आणलं. नकली कॉपी सापडली की पडद्यावरचं मागचं चित्र काळं व्हायचं. तुम्ही बदललं तरी तासाभराने परत काळं. चीनमध्ये तेव्हा लोक फार चिडले होते. तेव्हापासून दुरुस्तीवाल्यांच्या डोक्यात पक्कं बसलं: अपडेट चालू ठेवलं की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं, त्यापेक्षा अपडेटच बंद करून टाकलेलं बरं.

त्या दादांचा आपल्याला फसवायचा हेतू होता असं मी म्हणणार नाही. आम्ही स्वस्तात मागितलं, त्यांनी स्वस्तात दिलं. पण घराची चोरचावी बनवून देताना त्यांनी कड्या दुरुस्त करणाऱ्या माणसालाही दारातूनच परत पाठवलं, आणि हे आम्हाला कळलंच नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ती कोपऱ्यातली अक्षरं घालवायला पेन ड्राइव्हमधून जो छोटा प्रोग्रॅम चालवतात, तो चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. नाहीतर अँटीव्हायरस त्याला पकडतो. म्हणजे ज्याने कुणी तो प्रोग्रॅम बनवला, त्या अनोळखी माणसाला आपण राखणदाराला झोपवून घरात घेतो, आणि मालकाचे सगळे अधिकार देतो. तो फक्त अक्षरं पुसून जातो की जाताना एखादं दार उघडं ठेवून जातो, हे सांगणार कोण? अशा प्रोग्रॅमांमधून पासवर्ड चोरणारे व्हायरस पसरवल्याचे प्रकार सुरक्षा तज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा उघड केले आहेत. बँकेचं काम ज्या संगणकावर चालतं त्यावर हा खेळ नको.

बोगस बियाण्याचं आठवा. पिशवी तशीच, चित्र तसंच, भाव कमी. उगवलं नाही की आपण कृषी अधिकाऱ्याकडे जातो आणि ते पहिलं विचारतात, बिल कुठे आहे, लॉट नंबर काय? बिल नाही तर तक्रार नाही. नकली विंडोजचं तेच आहे. काही झालं तर विचारायचं कुणाला?

शिवाय कायदा आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ ब. प्रोग्रॅमची कॉपी नकली आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. घाबरवायला सांगत नाही. पण आपला संघ नोंदणीकृत आहे, सरकारी निधी हाताळतो, आपल्या सह्या असतात. पंचसूत्रीत हिशेब लेखन पाचवं सूत्र आहे. ज्यावर हिशेब लिहितो ती वहीच चोरीची असू नये, एवढं मला वाटतं.

आपला संगणक आज तपासून बघा

हे काम दोघींनी मिळून करा, एकीने वाचायचं, दुसरीने दाबायचं.

कीबोर्डवर खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे. ते दाबून धरा आणि आर हे अक्षर दाबा. छोटी चौकट येईल. त्यात डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर अशी सहा अक्षरं सलग टाइप करून एंटर दाबा. तुमची विंडोज कितवी आहे ते समोर येईल. विंडोज ७ असेल तर तिच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० लाच थांबल्या. विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. पुढचं एक वर्ष दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून कंपनीने वेगळी सोय केली, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते, ती आपोआप होत नाही. पैसे भरून घेतलेली अस्सल विंडोज असली तरी मुदत संपली की नव्या कड्या येणं बंद, हे लक्षात ठेवा. औषधाच्या पाकिटावर तारीख बघतो तशी ही तारीख बघायची.

आता सेटिंग्ज उघडा. विंडोज ११ मध्ये "सिस्टीम" आणि त्यात "अ‍ॅक्टिव्हेशन". विंडोज १० मध्ये "अपडेट अँड सिक्युरिटी" आणि त्यात "अ‍ॅक्टिव्हेशन". तिथे काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्या. "डिजिटल लायसन्स" असा उल्लेख असेल तर बहुधा ठीक आहे, तरी बिलाशी ताडून बघा. पण "तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसने चालू केलेलं" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल तर थांबा. ही पद्धत मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठांसाठी असते. त्यांच्याकडे शेकडो संगणक असतात आणि परवाना सांभाळणारा एक वेगळा संगणक असतो. आपल्या संघात असा संगणक आहे का? नाही. मग ही संस्था कुठली? चोरचावीचे बरेच प्रोग्रॅम हीच पद्धत नकली करून वापरतात. या पद्धतीचा परवाना १८० दिवसच टिकतो, तेवढ्यात नवा करून घ्यावा लागतो. "दर सहा महिन्यांनी अक्षरं परत येतात आणि दादा येऊन घालवतात" असा अनुभव कुणाला असेल तर त्याचं कारण हे असू शकतं. आमच्याकडे हेच होतं.

शेवटी "विंडोज अपडेट" उघडा आणि "चेक फॉर अपडेट्स" दाबा. शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख तिथे दिसेल. तारीख दोन महिन्यांपेक्षा जुनी असेल, किंवा बटण दाबून काहीच होत नसेल, तर कुणीतरी ते बंद केलेलं असण्याची शक्यता आहे.

मग करायचं काय

आम्ही तीन वाटा पाहिल्या.

पहिली, अस्सल विंडोज घेणं. सभेत किंमत सांगितल्यावर एक वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात एक शेळी येते, आणि ती दूध तरी देते!" सगळ्या हसल्या. मग मी अकरा दिवस चौघींची मजुरी किती होते ते फळ्यावर मांडलं आणि ठराव मंजूर झाला. नवीन संगणक घेणार असाल तर कोटेशन मागतानाच "परवान्यासह विंडोज" असं लेखी मागा आणि बिलावर तिचं नाव लिहून घ्या. बाजारात काही लॅपटॉप विंडोजशिवाय येतात, म्हणून तीन-चार हजारांनी स्वस्त दिसतात. दुकानदार वरून नकली टाकून देतो आणि आपल्याला वाटतं सौदा छान झाला. इंटरनेटवर दोन-चारशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या "ओरिजिनल की" चाही मोह नको. त्यातल्या बऱ्याचशा एखाद्या मोठ्या संस्थेसाठी दिलेल्या असतात. कंपनीने ती बंद केली की पैसे गेले.

दुसरी वाट फुकट आहे, आणि कायदेशीरही. लिनक्स. हीही ऑपरेटिंग सिस्टीमच, पण बनवणाऱ्यांनीच सांगितलंय की घ्या, वापरा, कॉपी करून मैत्रिणीला द्या. उबंटू हे त्यातलं एक नाव. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही भारतीय भाषांसाठी "बॉस" नावाची अशी सिस्टीम तयार केली आहे. केरळच्या सरकारी शाळांतले संगणक कित्येक वर्षं याच जातीच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. उबंटूची एप्रिल २०२४ ची आवृत्ती घेतली तर २०२९ पर्यंत दुरुस्त्या फुकट मिळतात. पत्रं आणि तक्त्यांसाठी लिबरऑफिस आहे, त्यात मराठी चालतं आणि एक्सेलच्या फाइलीही उघडतात. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या संगणकावरही हे बहुतेक वेळा चालून जातं.

अडचणीही सांगते. हिशेबाची काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. बँक सखीचं अंगठ्याचं मशीन लिनक्सवर चालेलच असं नाही, आधी विचारून घ्या. आणि गावातल्या दुरुस्तीवाल्यांना लिनक्स फारसं येत नाही, अडलं की आपणच शिकायचं. आम्ही दोन्ही केलं: एका संगणकावर अस्सल विंडोज, तिथे हिशेब आणि बँक. जुन्या संगणकावर उबंटू, तिथे टायपिंग, अहवाल, मुलींचा सराव. पहिले पंधरा दिवस सगळ्या कुरकुरल्या. आता नवीन आलेल्या मुलीला दोन्हींतला फरकही सांगावा लागतो.

तिसरी वाट म्हणजे आहे तेच चालवणं. ही वाट बहुतेक संघ धरतील, हे मला ठाऊक आहे. निधी लगेच येत नाही. तर निदान तोपर्यंत एवढं करा: चोरचावीचा प्रोग्रॅम पुन्हा चालवू देऊ नका, आणि अपडेट चालू करून घ्या. कोपऱ्यात अक्षरं आली तर येऊ द्यात. अ‍ॅक्टिव्हेट न केलेल्या विंडोजलाही सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, फक्त ती अक्षरं आणि रंग-चित्र बदलण्यासारख्या काही सोयी अडतात. परवान्याच्या दृष्टीने हे बरोबर नाही, ते ठरावाने लवकर मिटवायचंच. पण अक्षरं दिसणारा आणि दुरुस्त होत राहणारा संगणक बरा, की स्वच्छ दिसणारा आणि सगळ्या कड्या मोडलेला?

मोबाइलच्या डेटाची काळजी असते, तीही खरी आहे. आमच्याकडे कनेक्शन मोबाइलवरूनच घेतात. ज्या दिवशी दिवसभराचा डेटा उरतो त्या संध्याकाळी चहाच्या वेळेला अपडेट लावून ठेवायचं. लाइट जाण्याची वेळ ठाऊक असेल तर ती टाळा, अपडेट चालू असताना संगणक बंद पडू नये.

वही आणि दुसरी प्रत

अपडेट घेतलं तरी सगळे धोके टळत नाहीत. म्हणून हिशेबाची दुसरी प्रत हवीच. आम्ही दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतो आणि ती डिस्क लगेच काढून कपाटात ठेवतो. लावून ठेवली तर असे व्हायरस तिलाही कुलूप लावतात. दोन डिस्क आलटून पालटून वापरतो. आणि कर्जवही हातानेच लिहायची, बैठकीतच लिहायची, सदस्याच्या पासबुकावर तिथल्या तिथे सही. यात आता सूट नाही.

कुणाच्या संगणकावर अशी पैसे मागणारी चिठ्ठी आलीच, तर पहिलं काम म्हणजे इंटरनेटची वायर किंवा वायफाय तोडा, म्हणजे शेजारच्या संगणकापर्यंत जाणार नाही. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा. पैसे पाठवू नका; पाठवूनही चावी मिळेलच याची खात्री नसते. राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइन १९३० वर फोन करा आणि पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून बदला. डिस्क पुसून टाकायची घाई करू नका. युरोपातल्या पोलिसांनी २०१६ मध्ये "नो मोअर रॅन्सम" नावाचा उपक्रम सुरू केला आहे, तिथे काही जातींच्या कुलपांच्या चाव्या फुकट मिळतात. आमच्या कुलपाची चावी तिथे सापडली नाही. ती डिस्क अजून कपाटात आहे, दर दिवाळीच्या साफसफाईला मी पुन्हा एकदा शोधून बघते.

मोबाइलचं थोडक्यात. तिथेही सेटिंग्जमध्ये "सिस्टीम अपडेट" असतं, ते घेत जा. "जीबी व्हॉट्सअ‍ॅप" हे व्हॉट्सअ‍ॅप कंपनीचं नाही, त्याची नकली आवृत्ती आहे. कुणी फाइल पाठवून "हे टाक, जास्त सोयी मिळतात" म्हणालं तर टाकू नका, मग पाठवणारा घरचा असला तरी.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाने तीन गोष्टी कागदावर लिहून आणायच्या आहेत: विंडोज कितवी, अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर काय लिहिलंय, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेचं. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी लेखापाल ताईंच्या मोबाइलची अपडेटची तारीख आणावी. कुणाची तारीख जुनी निघाली तर तिला कुणी हसायचं नाही. आमची तीन वर्षं जुनी होती.